जित्यावरचं रडणं

पिंपरी, पुणे
११ जून २०२५

ती. साखरा आत्यांना वैष्णवीचा नमस्कार.

पत्राचा मायना याहून लांब असतो म्हणे, पण मला एवढाच येतो. मी चकलांब्याच्या बंकटची, म्हणजे तुमच्या चुलत भावाची मुलगी. आपण कधी भेटलो नाही. घरात तुमचं नाव निघत नाही हे तुम्हाला ठाऊक असेलच, म्हणून आडवळण न घेता लिहिते.

मी माहितीपट करते. सिनेमाच्या नामावलीच्या पाटीवर ज्यांचं नाव येत नाही अशा कलावंतांवर वीस-वीस मिनिटांचे. तीन झाले. एक घोड्यावरून पडणारे गृहस्थ, एक नायिकांची गंगावनं विणणारी बाई, आणि एक काका, ज्यांनी तीस वर्षं खलनायकाच्या मागे हाताची घडी घालून उभं राहण्यात घालवली. ते काका म्हणाले, "बीडकडची एक बाई यायची मयताच्या शॉटला. ती रडायला लागली की लाइटवालेसुद्धा डोळे पुसायचे." नाव साखराबाई. मी घरी येऊन आईला सांगितलं, तर आईने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "अगं, ती तुझी आत्या."

तेवीस सिनेमांत तुम्ही रडलात म्हणे. चौथा माहितीपट तुमच्यावर करायचा आहे. तुमच्या सूनबाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, "त्यांना ऐकू येत न्हाई, पत्र टाका." म्हणून हे. येऊ का?

तुमची,
वैष्णवी


युसूफ वडगाव, ता. केज
२२ जून २०२५

चि. वैष्णवीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आधार कार्डानंतर माझ्या नावाने पोस्टात आलेली ही पहिलीच वस्तू, त्यामुळे पोस्टमन उघडेपर्यंत हलेना.

कान जाऊन चार वर्षं झाली. सून मोबाईलवर लिहून दाखवते, पण तिच्या मोबाईलवर तू काही पाठवू नको. ती आधी स्वतः वाचते, मग गल्लीला सांगते, आणि त्यातून उरलं तर मला. मी सातवी पास आहे. अक्षर वाकडं आहे पण माझं आहे.

ये. भाकरी-पिठलं खाऊ घालीन. धर्मापुरीच्या देवळापाशी पहिलं शूटिंग झालं ती जागा दाखवीन. कोणता हिरो किती उंच होता, कोणती हिरॉईन शॉट संपला की कोणाला शिव्या द्यायची, तेही सांगीन. फक्त रडून दाखवा म्हणू नको. ते बंद आहे.

तुझा बाप बरा आहे का, एवढं लिही. माझं नाव न घेता विचार.

तुझी आत्या,
साखराबाई


पिंपरी
२० जुलै २०२५

प्रिय आत्या,

तुमच्याकडचे तीन दिवस फार चांगले गेले. पिठल्याचा तिखटपणा अजून उतरलेला नाही. मयत झालेल्या नटाच्या पायाला मुंग्या चावत होत्या आणि तुम्ही रडता रडता पदराने त्या झटकत होता, हे तुम्ही सांगितलं तेव्हा कॅमेरा हलला माझा. तो तुकडा तरीही ठेवणार आहे.

आता एक विचारते. येताना वाट वाकडी करून कोल्हापूरला एका निवृत्त साउंडवाल्यांकडे गेले होते. त्यांच्याकडे जुन्या टेप आहेत, संगीत चढवण्याआधीच्या. सिनेमात तुमच्या रडण्यावर सनई असायची, त्यामुळे शब्द कळत नाहीत. टेपवर स्पष्ट कळतात. तुम्ही म्हणता, "बंकटा रं, माझ्या बंकटा, कुठं चाललास रं." नऊ सिनेमांच्या टेप ऐकल्या. नऊही ठिकाणी तेच. मयत कधी पाटलाचं आहे, कधी मास्तरांचं. एका ठिकाणी तर सासू मेलेली आहे आणि तुम्ही बंकटा म्हणून रडताय.

हे माझ्या वडिलांचं नाव आहे. का घेत होता? आईला विचारलं तर तिला ठाऊक नाही. पप्पांना विचारण्याची सोय नाही. तुम्हाला बहीण नाही का, असं लहानपणी एकदा विचारलं होतं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "तिनं मला जित्यापणी मारलं," आणि जेवता जेवता उठले.

पप्पा बरे आहेत.

वैष्णवी


युसूफ वडगाव
२ ऑगस्ट २०२५

चि. वैष्णवीस आशीर्वाद.

तू विचारलंस त्याचं उत्तर देत नाही. रडणं बंद का झालं हे तू इथे असताना विचारलं नाहीस, मनात होतं तरी. ते सांगते.

दोन वर्षांमागे आमचे मालक गेले. शहादेव त्यांचं नाव, आता घ्यायला हरकत नाही. सकाळी चहा पिऊन ट्रॅक्टरखाली वाकले ते उठलेच नाहीत. मी ओसरीत त्यांच्या डोक्याशी बसले आणि रडले. खरं रडले. बायका जमल्या होत्या, त्या माझ्यासोबत सूर धरतील असं मला वाटलं. आपल्याकडे तशीच रीत आहे. थोड्या वेळाने डोळे पुसून बघते तर सगळ्या गप्प बसून माझ्याकडे बघत होत्या. तंबूत सिनेमाला बसतात तशा, मांडी घालून. मागच्या दोघींनी मोबाईल वर धरले होते. त्यातली एक पुढे आली आणि मला खूण केली. कान गेलेले, पण ओठ वाचता येतात. ती म्हणाली, "मावशी, जरा इकडं तोंड करा."

मी इकडे तोंड केलं. इतक्या वर्षांची सवय. सांगितलं की करायचं.

तेव्हापासून डोळ्याला पाणी येत नाही. मालकांचा दहावा झाला, वर्षश्राद्ध झालं, थोरली जाऊ गेली. मी जाऊन बसते आणि उठून येते. वाईटही वाटत नाही. हातापायाला मुंग्या आल्यावर दाबलं तरी कळत नाही, तसं आहे. गावात म्हणतात, "परक्यावर तेवीस बार रडली आन् नवऱ्याला एकदाच." म्हणू दे.

तुझी आत्या


पिंपरी
१९ ऑगस्ट २०२५

आत्या,

तुमचं पत्र वाचलं. मी त्या मोबाईलवाल्यांपेक्षा वेगळी आहे असं मला म्हणायचं होतं, पण खात्री वाटेना.

मी खोटं लिहिलं होतं. पप्पा बरे नाहीत. मे महिन्यात पोटात गाठ निघाली. डॉक्टर ऑपरेशन नको म्हणतात. त्याचा अर्थ आम्हाला कळलाय आणि पप्पांनाही कळलाय. सहा महिने म्हणतात, थोडे मागेपुढे. तुमच्याकडे यायची घाई मला त्यामुळेच होती. माहितीपट हे निमित्त होतं असं म्हणणार नाही, तोही हवाच होता. दोन्ही होतं.

ते हल्ली खिडकीशी बसून असतात. परवा सहज म्हणाले, "साखरी मरायच्या आत मी चाललो. तिची बत्तीशी वठली बघ." मी विचारलं, कसली बत्तीशी? तर तोंड खिडकीकडे फिरवलं.

त्यांनी तुमच्यावरचा राग घेऊन जावं असं मला वाटत नाही. तुम्हाला तसं चालणार आहे का? नाव का घेत होता ते सांगा.

वैष्णवी


युसूफ वडगाव
२८ ऑगस्ट २०२५

चि. वैष्णवीस,

सांगते. पण हे तुझ्यापुरतं. बंकटला सांगायचं नाही. का नाही, ते शेवटी कळेल.

सत्त्याऐंशी साली धर्मापुरीला सिनेमावाले आले. मालकांच्या बैलगाड्या त्यांनी घेतल्या होत्या, म्हणून मी बघायला गेले. पाटलाच्या मयताचा शॉट होता. आणलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. दिग्दर्शक कावला. म्हणाला, इथली कोणी रडेल का? बायकांनी मला पुढे ढकललं, कारण माझा गळा आमच्याकडे माहीत होता. मी बसले, आणि सूर काही निघेना. तिरडीवर माणूस जिता. डोळे मिटून, पण पोट वर-खाली होतंय. जित्यावर रडणं म्हणजे अपशकुन. मी उठायला लागले.

तिथे सुंदरबाई म्हणून एक म्हातारी होती, पाणी भरायला ठेवलेली. तिने माझ्या कानात सांगितलं, "येडे, जित्यावर रडलं तर मरत न्हाई, उलट त्याचं आयुष्य वाढतं. मेल्याची खोटी बातमी उठली की वाढतं ना, तसंच. ज्याचं वाढावं वाटतंय त्याचं नाव घे आन् रड. पर त्याला सांगू नकु. सांगितलं की उतरतं."

बंकट तेव्हा अंबाजोगाईच्या दवाखान्यात होता. कावीळ डोक्यात चढली होती. मला सख्खा भाऊ नाही. मी आणि बंकट एका ताटात जेवून मोठे झालो. मी त्याचं नाव घेतलं. एवढी रडले की कट म्हटलेलं मला कळलं नाही. दिग्दर्शकाला वाटलं, बंकट हे पाटलाचं लहानपणीचं नाव असेल, बाईने चांगलं सुचवलं. त्याने ते ठेवलं. आठव्या दिवशी बंकट घरी आला.

मग मला कोल्हापूरला बोलावलं, तिथून मुंबईला. दर वेळी मी त्याचंच नाव घेतलं. तू म्हणशील, नवऱ्याचं का नाही? तेव्हा नवऱ्याचं नाव कोण घेत होतं. पोराचं का नाही? खरं सांगते, हिंमत झाली नाही. उपाय उलटला तर? बंकटवर तो लागू पडलेला होता. डॉक्टर नाही का, एका गोळीने बरं वाटलं की तीच लिहून देतात.

पहिला सिनेमा चकलांब्याच्या जत्रेत तंबूत लागला. त्यात सनई नव्हती, सगळं स्वच्छ ऐकू आलं. सगळं गाव बसलेलं आणि पडद्यावर मी, "बंकटा रं." बंकट पहिल्या रांगेत. पोरांनी तिथेच सुरू केलं, "मेलास का बे." दुसऱ्या दिवसापासून तो रस्त्याने निघाला की "मयत चाललं" म्हणायचे. त्याची सोयरीक जमली होती. मुलीकडच्यांनी ऐकलं आणि मोडली. म्हणाले, बहिणीनेच ज्याच्या नावाने गळा काढला त्याला पोरगी कशी द्यायची?

तो वडगावला आला होता. दारात उभा राहून म्हणाला, "माझं मढं वाजवून तुला पैका मिळतो व्हय?" मी गप्प बसले. सांगितलं असतं तर उतरलं असतं. तो पुण्याला गेला. पुढची बावीस रडणी मी त्याला तोंड न दाखवता रडले. मला त्याच्या रागाचं वाईट वाटायचं, पण मनात म्हणायचे, रागावलेला आहे म्हणजे आहे.

आता कॅमेरा घेऊन ये. रडून बघते.

तुझी आत्या


पिंपरी
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,

मी कॅमेरा घेऊन आले त्या दिवशी तुम्ही दीड तास बसलात. मी काही बोलले नाही, इकडे तोंड करा तर नाहीच नाही. तुम्ही नाव घेत होता, सूर लागत होता, पण डोळ्यांत काही येत नव्हतं. शेवटी तुम्ही पदर खोचून म्हणालात, "न्हाई येत. चल, च्या ठिवते."

आता जे लिहितेय त्याने तुम्ही रागवाल. मी पप्पांना सांगितलं.

माझा असल्या उपायांवर विश्वास नाही. मी परतले त्या रात्री त्यांना झोप नव्हती आणि ते पुन्हा ते बत्तीशीचं बोलायला लागले. ते मी आणखी ऐकू शकले नाही. सगळं सांगितलं, सुंदरबाईसकट. ते उठून उशीला टेकले. मग म्हणाले, "कावीळ कशी उतरली ते डाक्टरला बी कळलं न्हवतं." मग हसले. मे महिन्यानंतर पहिल्यांदा. तुमचं शूटिंग दाखव म्हणाले. बघितलं, आणि म्हणाले, "आता बिनपाण्याचं रडती. म्हातारी झाली." सोबत त्यांची चिठ्ठी आहे. स्वतः लिहिली आहे, एक तास लागला.

वैष्णवी

(चिठ्ठी)

साखरे,
पोरीनं सांगितलं. तवाच का न्हाई बोललीस? मीच दर साली तुझ्याम्होरं यिऊन बसलो असतो, घे, रड म्हणून. सोयरीक मोडली ते बरंच झालं. ही बायको लई चांगली मिळाली. हे तिला सांगू नकु, फुगती. मी राग धरला ते येड्याचं काम केलं. बसता येतंय तवर येकदा यिऊन जा. वाट बघतो.
बंकट


युसूफ वडगाव
२ ऑक्टोबर २०२५

चि. वैष्णवीस आशीर्वाद.

तू सांगायला नको होतंस. आता सांगितलंस ते सांगितलंस.

बंकटला सांग, चिठ्ठी पोचली. येते म्हणावं. पण सोयाबीन उभं आहे, पावसाने निम्मं पिवळं पडलंय, उरलेलं काढायचं आहे. पोराला एकट्याला झेपत नाही. ते निघालं की येते. त्याने वाट बघावी.

तुझी आत्या


पिंपरी
१२ ऑक्टोबर २०२५

आत्या,

पप्पा रोज विचारतात, "सोयाबीन निघालं का?" आई त्यांच्यासाठी मोबाईलवर केजचं हवामान बघते. बसणं आता जमत नाही, उशांना टेकवावं लागतं. मी गाडी पाठवते. सोयाबीन काढायला माणसं लावा, तो खर्च मी करते. लवकर या.

वैष्णवी


पिंपरी
२८ ऑक्टोबर २०२५

आत्या,

पप्पा शनिवारी, २५ तारखेला सकाळी गेले. तुमच्या सूनबाईंना फोन केला होता, पण तुम्ही म्हणाला होता तिच्यामार्फत काही नको, म्हणून पत्रही लिहिते.

त्रास झाला नाही. आदल्या संध्याकाळी गाडीचा आवाज आला की दाराकडे बघत होते. मी कॅमेरा लावून ठेवला होता. तुम्ही येणार म्हणून, तुमची दोघांची भेट टिपायची होती मला. तो चालूच राहिला. त्यात सगळं आलंय.

आई रडते, चुलते रडतात. मला रडू येत नाही. नातेवाइकांना चहा देते, स्मशानाची पावती नीट ठेवते. आज पाटीवरचं तुमचं नाव कोणत्या आकारात टाकायचं ते ठरवत बसले होते. मी सांगितलं नसतं तर, असंही मनात येतं, आणि माझा त्यावर विश्वास नाही. तुम्ही मला काही म्हणणार असाल तर म्हणा.

वैष्णवी


युसूफ वडगाव
५ नोव्हेंबर २०२५

चि. वैष्णवीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सुनेने त्या दिवशीच मोबाईलवर लिहून दाखवलं होतं. मी डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओसरीत बसले. बायका आल्या. मोबाईल घेऊनच आल्या होत्या. बराच वेळ बसल्या, मग एकेक उठून गेली. मी बंकटचं नाव घेतलं नाही. तेवीस वेळा घेतलं ते तो जिता होता म्हणून. मेलेल्या बंकटवर कसं रडायचं ते मला माहीत नाही.

तू सांगितलंस म्हणून तो गेला, असं म्हणावंसं मला वाटलं. दोन दिवस म्हटलंही, मनात. आता म्हणत नाही. तू सांगितलं नसतंस तर तो हसला नसता.

आता माझं ऐक. सोयाबीन चार तारखेलाच निघालं होतं. पोराने मळणीही करून टाकली. तुझं बारा तारखेचं पत्र आलं तेव्हा रान मोकळं होतं. तू सांगून टाकल्यावर माझा जुना उपाय गेला, आणि नवीन पाणी येत नव्हतं. मग मी विचार केला, वाट बघणारा माणूस लवकर जात नाही. मी पोचले की त्याची वाट बघणं संपेल आणि तो जाईल. म्हणून मी रोज पिशवी भरायचे आणि रोज रिकामी करायचे. सुनेला वाटलं, म्हातारीला भ्रम झालाय. मला वाटत होतं, मी त्याला एकेक दिवस देतेय.

तो दाराकडे बघत होता हे तू लिहिलंस. ते मी वाचलं, आणि पुन्हा वाचलं. मला काही झालं नाही. खोटं लिहीत नाही, काहीच झालं नाही. उठून भाकरी थापल्या, खाल्ल्या. मी चुकले हे कळतंय, पण दुसऱ्याच कोणाची तरी चूक कळावी तसं.

तुझा सिनेमा कर. सोयाबीनचं त्यात घाल, लपवू नको. पाटीवर नाव कोणत्या आकारात टाकायचं ते तू ठरव.

तुला रडू येत नाही म्हणतेस. तू तिशीतली आहेस, तुझं येईल. माझ्यासारखं होऊ देऊ नको. तो कॅमेरा बंद कर, खोलीचं दार लावून घे, आणि कोणी बघत नसताना बस. नाव मोठ्याने घे. आलं की थांबवू नको.

आणि माझ्या वाट्याचंही तूच रडून घे.

तुझी आत्या,
साखराबाई